लांबचं कारण

१

कर्जतच्या बाजारपेठेत भात खरेदी-विक्रीच्या एका संघाची कचेरी होती. खाली भाताचं गोदाम, वर लाकडी तक्तपोशीची कचेरी. तिथे येसाजी अठरा वर्षं शिपाई होता. माणूस कामाला वाघ, बोलायला सरळ. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तो उठून जायचा. भीतीनं नव्हे, कंटाळा म्हणून.

कचेरीत सायक्लोस्टाइलचं एक यंत्र होतं. मेणकागदावर मजकूर टाइप करायचा, तो कागद रुळाला गुंडाळायचा, शाई घालायची आणि दांडा फिरवायचा, की एकासारख्या एक प्रती बाहेर. दर सोमवारी गावोगावच्या सोसायट्यांना त्यावर परिपत्रकं निघत. एरवी ते आतल्या खोलीत कुलपात असायचं, कारण शाईला आणि कागदाला पाय फुटतात असा हेडक्लार्क मोघ्यांचा अनुभव होता. सोमवारी सकाळी दोघांनी ते उचलून खिडकीशी आणायचं आणि संध्याकाळी परत आत ठेवायचं.

आणि ते मेलं भलतंच जड होतं. शिलाईच्या मशीनपेक्षा थोडं मोठं, पण उचलताना दोन गडी लाल व्हायचे. एवढंसं यंत्र एवढं जड का, हा कचेरीतला कायमचा विषय होता. मोघे म्हणत, आजवरची न वाचलेली सगळी परिपत्रकं त्यानं पोटात ठेवली आहेत. टाइपिस्ट म्हणायचा, बोरघाटात एक इंजिन हरवलं होतं, ते हेच. हिशेबनीस म्हणायचा, यंत्र हलकंच आहे, जड आहे तो त्यावरचा सरकारी शिक्का.

ही चाल पाडली होती धाऊनं. धाऊ हा येसाजीचा जोडीदार, ठाकुरवाडीकडच्या पाड्यावरचा. त्याच्या बापजाद्यांनी माथेरानच्या वाटेवर साहेबांच्या खुर्च्या आणि पेट्या वाहिल्या होत्या. यंत्राला हात घालण्याआधी तो दर वेळी गंभीर चेहऱ्यानं कारण सांगायचा. "आज जड हाय. आत प्रबळगड हाय." समोरच्याला हसू फुटलं की म्हणायचा, "उचल." हसू आल्याशिवाय त्यानं कधी ओझं उचललं नाही. हसलं की छातीतला दम मोकळा होतो आणि ओझं हलकं लागतं, असा येसाजीनं त्याचा अर्थ लावला होता, आणि तो त्याला पटलाही होता.

एकदाच बिनसलं. टाइपिस्ट म्हणाला, आत मोघेसाहेबांच्या सासूबाई बसल्यात. सगळे हसले. धाऊनं मात्र हात काढून घेतला आणि दुसरं काही सांगितल्याशिवाय तो यंत्राला शिवेना. "जवळच्याचं नाव नको," एवढंच म्हणाला. "लांबचं सांगा." शेवटी टाइपिस्टानं मुंबईचा समुद्र सांगितला, तेव्हा कुठे यंत्र हललं. म्हातारा मोघ्यांना घाबरला असं सगळ्यांनी धरलं.

२

दिवाळीच्या आधी धाऊ निवृत्त झाला आणि माघ लागता लागता गेल्याची बातमी आली. त्याच्या जागी चांगो नावाचा तरणाबांड गडी आला. त्याला हे कारणांचं प्रकरण ठाऊक नव्हतं. पहिल्या सोमवारी तो सरळ यंत्राला भिडला, तेव्हा मोघे म्हणाले, थांब बाबा, आधी कारण. आणि कारण सांगायचा मान आता येसाजीचा.

येसाजी त्या दिवशी खुशीत होता. त्याची एकुलती एक लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरून नववा लागला होता. सकाळी निघताना तिनं त्याचा हात पोटावर ठेवला होता आणि आतून लाथ बसली होती. ती लाथ तळहातावर घेऊनच तो कचेरीत आला होता.

"जड हाय, कारण आत माझा नातू बसलाय," येसाजी म्हणाला.

कचेरी हसली. पेढे कधी म्हणून टाइपिस्टानं विचारलं. हसत हसतच दोघांनी यंत्र उचललं, आणि येसाजी मागे कलंडता कलंडता राहिला. ठाऊक असलेल्या वजनासाठी त्यानं अंग आवळलं होतं, आणि वजन आलंच नाही. रिकामी टोपली उचलावी तसं यंत्र वर आलं.

चांगोला काही वाटलं नाही. एवढंसंच हाय की काका, म्हणाला. जवान गड्याचा जोर, असं येसाजीनं मनाशी म्हटलं आणि दांडा फिरवायला घेतला. एरवी खडाड्‌खट, खडाड्‌खट असा भरीव आवाज यायचा. आज तो पोकळ येत होता. आत कुणी नसलेल्या घराची कडी वाजवल्यागत. येसाजीनं तीनशे प्रती काढल्या आणि तेवढ्या वेळात दोनदा थांबून झाकण उघडून पाहिलं. आत सगळं जागच्या जागी होतं.

३

येसाजीचं घर नदीपलीकडे, दहिवलीच्या अंगाला. संध्याकाळी तो अंगणात आला तर बायको इंदूबाई दारात उभी.

"पोरीला दुपारपासनं उठवत नाय," ती म्हणाली. "पोट जड झालंय बोलते."

दिवस भरत आले की जड होणारच, असं येसाजी म्हणाला. इंदूबाईनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाळंतपण मी काढलं की तुम्ही? तो आत गेला.

मैना माजघरात बाजेवर पडली होती. चेहरा उतरला नव्हता, ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. फक्त बाजेची सुंभं खाली ताणली गेली होती. ती कुशीवर वळायला गेली तेव्हा बाजेचे चारही पाय करकरले. मैना काडीसारखी पोर, आठ महिन्यांची झाली तरी अंगानं भरलेली नव्हती. ह्या बाजेवर सुगीत दोन-दोन गडी झोपायचे आणि ती हूं की चूं करायची नाही.

दुसऱ्या दिवशी गौराबाई सुईण आली. तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, पोर लहानसंच आहे, नीट आहे, खाली डोकं आहे. मग मैनेला जरा कुशीवर घ्यावं म्हणून तिनं पाठीखाली हात घातला, आणि तो हात तिला काढता येईना. येसाजी आणि इंदूबाईनं मिळून ओढला. गौराबाईची बोटं पांढरी पडली होती. ती हात चोळत बसली, तपासायला पुन्हा काही पुढे आली नाही.

"सूज असंल," ती म्हणाली, पण मैनेच्या पायांकडे न बघता. पायांवर सूज नव्हती.

४

त्या आठवड्यात येसाजी मनाला एकेक समजूत घालत होता. बाजेची सुंभं जुनी झाली. पोरीचं अंग ढिलं पडलं, म्हणून ती जड लागते. झोपलेलं पोर जागं असलेल्यापेक्षा जड लागतंच की. प्रत्येक समजूत दिवसभर पुरायची आणि घरी गेलं की संपायची.

बुधवारी बाज तुटली. मैनेला खाली गोधडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, बाज मोडून ती अंगाखालच्या गोधडीसकट जिथे आली तिथेच राहिली. पुण्याहून जावई आला, त्यानं आणि शेजारच्या तिघांनी मिळून तिला गाडीत घालून दवाखान्यात न्यायचं ठरवलं. चौघांनी हात लावले. मैना तसूभर हलली नाही, नुसती कळवळली. एकाच्या कमरेत लचक भरली. जावई डॉक्टरला आणायला गेला. डॉक्टर आला, नाडी बघितली, सगळं ठीक आहे म्हणाला आणि रक्त वाढायचं औषध देऊन गेला. उचलून बघा असं त्याला सांगायची सगळ्यांनाच लाज वाटली.

सोमवारी चांगोनं यंत्र एकट्यानं, एका काखेत मारून आणलं. मोघे चष्म्यावरून बघत राहिले. मग सगळे हसले आणि नवी कारणं सुरू झाली, यंत्र हलकं का झालं याची. येसाजी हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते यंत्र खाली गोदामात नेलं आणि भाताच्या काट्यावर ठेवलं. काटा रोज भात तोलणारा, बिनचूक होता. यंत्राच्या बुडाशी विलायती पट्टीवर वजन कोरलेलं होतं, ते पाऊणशे किलोंच्या आसपास. काट्यावर ते नऊ भरलं.

तो काट्यासमोर बसून राहिला. उरलेलं वजन कुठे गेलं हे त्याला कळलं होतं, आणि कळलं आहे हे तो कबूल करत नव्हता. सहासष्ट किलो एवढ्याशा पोरीच्या पोटावर. पण तेवढंच असतं तर चार गड्यांना ती उचलता आली असती. म्हणजे ते वाढत होतं. असला हिशेब आपण मांडतोय याचीच त्याला भीती वाटली. अठरा वर्षं ज्या गोष्टी ऐकायच्या नाहीत म्हणून तो उठून जायचा, त्यातली एक आता त्याच्या माजघरात निजली होती.

त्यानं यंत्रावर हात ठेवून हळूच म्हटलं, प्रबळगड. मग म्हटलं, समुद्र. मग त्याची त्यालाच लाज वाटली. काटा नऊवरच होता.

५

मंगळवारी रजा टाकून तो पुण्याच्या पाशिंजरनं निघाला. ठाकुरवाडीला गाडी जरा टेकते तेवढ्यात उतरला आणि रुळाकडेची पायवाट धरून धाऊच्या पाड्यावर गेला. धाऊची बायको ठमी नाचणी निवडत होती. तिनं त्याला ओळखलं, पाणी दिलं, आणि बस म्हणाली. येसाजी भिंतीकडे बसायला गेला.

"थितं नको," ठमी म्हणाली.

त्या कोपऱ्यात काही नव्हतं. जमीन सारवलेली, स्वच्छ. फक्त मधोमध एक खळगा होता, हातभर लांब, वीतभर खोल, कडा गुळगुळीत. सारवणाचा हात त्याच्या आतूनही फिरलेला दिसत होता. इतक्या वर्षांत कुणी तो बुजवला नव्हता. खळग्याचा आकार येसाजीनं पाहिला आणि लगेच नजर दुसरीकडे नेली.

त्यानं काही विचारायच्या आधीच ठमीनं विचारलं, कुणाचं नाव घेतलं? त्यानं सांगितलं. ती नाचणीत बोटं फिरवत राहिली.

"त्यांनी बी एकदाच घेतलं," ती म्हणाली. "तरणे होते, सायबाची पेटी उचलत होते. लोकं हसले. पोर दीड वरसाचं होतं आमचं."

"मंग?"

"मंग दिसभर पोराम्होरं बसून कारणं सांगितली. लांबलांबची. आन मला बोलत होते, हस. आईला हसू येतंय व्हय, दादा?"

येसाजीनं पाणी खाली ठेवलं. तो उठला. ठमी त्याच्या मागे दारापर्यंत आली आणि म्हणाली, एक गोष्ट तिनं नवऱ्याला कधी विचारली नाही. लांबच्या नावांनी काही होईना, तेव्हा सगळ्यांत जवळचं एक नाव त्याला सुचलं नाही, की सुचलं होतं आणि त्यानं घेतलं नाही. चाळीस वर्षं एका चुलीवर जेवली ती दोघं, पण हे विचारायचं राहिलं, असं म्हणून ती आत गेली.

६

तो घरी पोचला तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात जावई डोकं धरून बसला होता. मैनेला कळा सुरू झाल्या होत्या. आत गौराबाई आणि इंदूबाई. मैना पाठीवर सपाट पडलेली, आणि तिला ना वळता येत होतं ना बसता. गौराबाईनं येसाजीला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीला उठवून बसवल्याशिवाय पोर बाहेर यायचं नाही. अंधार पडेपर्यंत नाही बसली तर मी दोघांचीही हमी देत नाही.

त्याच वेळी मैनेच्या खालून आवाज आला. कट्ट. पुन्हा, कट्ट. सारवणाला तडा जात होता.

येसाजीनं डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. मैनेच्या एका अंगाला तो बसला, दुसऱ्या अंगाला इंदूबाईला बसवलं. दोघांनी तिच्या काखेखाली हात घातले.

"पोरगी जड हाय," तो म्हणाला, "कारण तिच्या पोटात प्रबळगड हाय."

इंदूबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"मुंबैचा समिंदर हाय. खारट म्हणून कुणी पीत नव्हतं, हिनं पिला." कुणी हसलं नाही. "बोरघाटातलं इंजान हाय. डब्यांसकट हाय. पाशिंजरीसकट."

"तुमाला याड लागलंय काय?" इंदूबाई म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"हस गं. हसल्याबिगर उचलता येणार नाय."

"कशी हसू? कशी हसू मी?"

कट्ट. मैनेनं ओठ चावला आणि बापाचं मनगट धरलं. तिची पकड मात्र पूर्वीसारखीच, पोरवयातली होती. येसाजीला रडू आलं आणि त्यानं ते गिळलं. रडणाऱ्या माणसाचं कारण कोण मानणार? त्यानं सिंहगड सांगितला, दिल्ली सांगितली, विलायतेची राणी सांगितली, माथेरानचं अख्खं डोंगरपठार घोड्यांसकट सांगितलं. आवाज चिरकत होता. कचेरीत ह्यातल्या एकेकावर हशा पिकला असता. इथे ती कारणं भिंतीला लागून खाली पडत होती. गौराबाईनं तोंड फिरवलं होतं. उन्हाची तिरीप चौकटीवरून उतरून उंबऱ्यावर आली होती.

मग तो थांबला. ठमीनं दारात सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. त्याला एक नाव सुचलं होतं. खरं तर ते पाड्यावरून उतरतानाच सुचलं होतं आणि सगळी वाट त्यानं ते मागे ढकललं होतं. तो घाबरला. जगायची हौस त्याला कुणाहून कमी नव्हती. त्यानं मैनेकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे बघून, लग्न नवीन असताना तिला चिडवायचा त्या सुरात म्हणाला,

"ऐक गं मैने. तुझी आई लगीन झाल्यापासनं बोलते, ह्यो बाबा माझ्या उरावर बसलाय. तीस वरसं तिथं बसून मी कंटाळलो. म्हणून जागा बदलली. तुझ्या पोटावर मीच बसलोय."

इंदूबाईच्या तोंडून हसू सुटलं. रडतारडताच सुटलं, नाक ओढत, तिच्या मनात नसताना. अगदी एवढंसं.

"उचल," येसाजी म्हणाला.

मैना वर आली. चिमणीच्या पिसासारखी आली, इतकी की इंदूबाई तिच्यासकट पुढे झुकली. गौराबाई धावली. दोघींनी तिला धरून आतल्या खोलीत भिंतीच्या आधाराला नेलं. मैना आपल्या पायांनी चालत गेली.

येसाजी उभा राहिला होता. त्याची नजर गोधडीवर होती. मैना उठली तिथे गोधडी अजून दबलेलीच होती. मग तो दाब सुटला आणि गोधडी फुगून सपाट झाली. त्या जागेच्या अलीकडे, येसाजीच्या दिशेनं वीतभरावर, एक लहानसा खळगा पडला. तो मिटला. आणखी अलीकडे दुसरा पडला. कुणी तरी अगदी हळू, लहान पावलांनी येतं आहे, आणि त्याला कसलीच घाई नाही. गोधडी संपली. येसाजीनं डोळे मिटले.

७

दिवा लावायच्या सुमाराला पोर रडलं. मुलगा झाला. अंगणात जावई उठून उभा राहिला आणि पुन्हा मटकन खाली बसला. आळीतल्या बायका जमल्या. गौराबाईनं मोठ्यानं सांगितलं, दोघंही खणखणीत आहेत.

इंदूबाई बाहेर आली तेव्हा येसाजी माजघरात तिथेच, त्याच जागी उभा होता. तिचा चेहरा उजळला होता. चला आत, म्हणाली, नातवाचं तोंड बघा. तो हसला. तिनं त्याच्या हाताला धरून ओढलं. मग जरा जोरानं ओढलं. मग तिनं हात सोडला आणि खाली, सारवणात रुतलेल्या त्याच्या पायांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"तू रडू नको," येसाजी म्हणाला. "आत पोरीला कळंल. कुणी कारण इचारलं तर काय बी सांगू नको. कुणाला हसू बी देऊ नको."

ती तोंडावर पदर दाबून उभी राहिली. आत पोर पुन्हा रडलं. येसाजीनं तो आवाज कान देऊन ऐकला.

"त्याला हितं घेऊन ये," तो म्हणाला. "लांबनं दाखव. माझ्या हातात देऊ नको."